बास्केटबॉलसाठी दम कसा वाढवायचा
सगळ्यात आधी एक सांगतो, रोज सकाळी ५ किलोमीटर जॉगिंग करून बास्केटबॉलचा दम येत नाही. कोर्ट २८ मीटर लांब, त्यात पळायचं, थांबायचं, वळायचं, उडी मारायची आणि लगेच उलटं पळत डिफेन्सला यायचं, मग सराव पण तसाच तुकड्यातुकड्यांचा पाहिजे ना. पहिले २ आठवडे जॉगिंग आणि दोरीवरच्या उड्या ठीक आहेत, अंग मोकळं होतं, पण तिसऱ्यापासून लाइन ड्रिल सुरू करा, म्हणजे बेसलाइनवरून (बास्केटमागची, कोर्टच्या टोकाची रेषा) निघून जवळच्या फ्री थ्रो लाइनला (बास्केटसमोरची, जिथून फ्री थ्रो टाकतात ती रेषा) हात लावून परत, मग हाफ कोर्टवरून (कोर्टच्या मधल्या रेषेवरून) परत, मग पलीकडची फ्री थ्रो लाइन, मग पूर्ण कोर्ट. एवढं झालं की दीड मिनिट थांबा आणि परत तेच. सुरुवातीला ४ वेळा बास झालं, आठवड्यातून ३ दिवस.

उड्यांची घाई करू नका प्लीज. आपल्याकडे बरीच कोर्ट सिमेंटची असतात, गुडघे लगेच दुखायला लागतात. आधी स्क्वॉट (उठाबशा), लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), एका पायावर उभं राहून टाचा उचलणं हे नीट जमू दे, आणि उडी मारून उतरताना गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायचं, गुडघे आतल्या बाजूला जाऊ द्यायचे नाहीत. घोटा बऱ्याचदा दुसऱ्याच्या पायावर पाय पडून मुरगळतो, म्हणून एका पायावर तोल सांभाळायचा सराव रोज करा, दात घासताना केला तरी चालतो.

आणि शेवटी पूर्ण दमलेले असतानाच १० फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे, कोणी न अडवता टाकायचे शॉट) टाका, मॅचमध्ये तेव्हाच टाकायला लागतात.