टर्बो डिझेल ट्रकला दुसऱ्या इंजिनचा इन्टेक मॅनिफोल्ड बसवताना

नुसता मॅनिफोल्ड (टर्बोची हवा सगळ्या सिलिंडरांना वाटणारा भाग) बदलून गाडीची ओढ वाढेल, या आशेने हे काम हातात घेऊ नका. ओढ टर्बो आणि पंप ठरवतात. खरी कारणं वेगळी असतात: मूळ मॅनिफोल्ड तडकला आणि जोडीचा मिळत नाही, मागाहून इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) बसवला आणि तोंड भलत्या बाजूला आलं, किंवा पाईप केबिनला घासतो. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या ऊस ओढणाऱ्या जुन्या ट्रकांत हे तिन्ही प्रकार दिसतात. काम पावसाळ्यातच उरका. गळीत हंगाम लागला की गाडी चार दिवस उभी करायला कोणी तयार होत नाही.

इथलं सगळं जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांसाठी आहे. बीएस-६ गाडीत सेन्सर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एकमेकांत गुंतलेले असतात, तिथे हात घालू नका. आणि जुनी गाडी असली तरी आरसीतल्या नोंदी बदलतील असा फेरफार मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ खाली येतो.

आधी सिलिंडर हेड ओळखा. कमिन्सच्या सिक्स बीटीसारख्या इंजिनात मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, वर फक्त झाकण. तिथे झाकणच बदलायचं. नोझलच्या पाईपांच्या पट्ट्या त्याच झाकणाला कसलेल्या असतात, त्यामुळे पाईप सोडावे लागतात आणि शेवटी डिझेलच्या पाईपांतली एअर काढावी लागते. बाकी इंजिनांत वेगळा मॅनिफोल्ड असतो आणि भोकं जुळत नसली की मधे अडॅप्टर प्लेट येते.

सगळं काम या प्लेटवर ठरतं. १२ मि.मी. माईल्ड स्टील घ्या. पातळ पत्रा का चालत नाही, याचा हिशेब सोपा आहे: ६० सें.मी. लांब, ८ सें.मी. रुंद झाकण आणि दर चौरस सें.मी.ला १.२ किलोचा बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब), म्हणजे आतून जवळपास पावणेसहा क्विंटलचा रेटा. ५ मि.मी.ची पट्टी दोन बोल्टांच्या मधे फुगते, पॅकिंग फुटतं, आणि दोष मात्र पॅकिंगवर जातो.

हेडचा ठसा जाड कागदावर घ्या, दुसऱ्या कागदावर नव्या मॅनिफोल्डचा, आणि दोन्ही एकमेकांवर धरून प्लेट आखा. प्लेट हेडला धरणारे बोल्ट काउंटरसंक ॲलन असू द्या, माथा पृष्ठभागाच्या आत बसला पाहिजे. मॅनिफोल्डसाठी प्लेटमध्ये आटे पाडा: एम ८ ला ६.८ चं ड्रिल, एम १० ला ८.५ चं. हवा मॅनिफोल्डकडून हेडकडे वाहते, म्हणून मॅनिफोल्डचं भोक हेडच्या भोकापेक्षा जरा लहान चालेल. मोठं असेल तर हेडची कड हवेच्या आड येते. पॅकिंगही भोकात डोकावता कामा नये.

मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा आणि हेड बिडाचं असेल तर ताप लक्षात घ्या. इंटरकूलर नसेल तर एक बारच्या बूस्टला आत येणारी हवा सव्वाशे अंशांच्या आसपास असते. ६० सें.मी. लांबीत ॲल्युमिनियम बिडापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त वाढतं. एम ८ साठी मधलं भोक ८.५ आणि टोकाची भोकं लांबट ठेवा, नाहीतर टोकाचे बोल्ट तुटतात.

तोंड बदलण्यासाठी ॲल्युमिनियम वेल्ड करायचं असेल तर जुनं तेल पूर्ण काढा, मग टिग वेल्डिंग मारा. वेल्डिंगने फ्लँज (बोल्ट लागणारी सपाट कड) वाकणारच, म्हणून फेसिंग (ती कड मशीनवर सपाट करणं) नेहमी वेल्डिंगनंतर. बेळगावजवळ उद्यमबाग किंवा मच्छेला मिलिंगवाले हे करून देतात. सरळ पट्टी ठेवून ०.१० मि.मी.चं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कुठेही जाता कामा नये. फौंड्रीतून नवा बिडाचा ओतून घेतलात तर कोपऱ्यातली कोअरची वाळू शेवटच्या कणापर्यंत काढा. टर्बोनंतर वाटेत फिल्टर नसतो, ती वाळू थेट लायनरमध्ये जाते. ड्रिलच्या किसाचंही तेच. हेडची भोकं चिंध्यांनी बंद करा आणि चिंध्या मोजून ठेवा.

नवं तोंड जुन्या पाईपापेक्षा लहान नको, आणि तोंडालाच काटकोनी एल्बो लावू नका. एल्बोने हवा एका बाजूला फेकली जाते, काही सिलिंडरांना कमी मिळते, ते काळा धूर काढतात आणि तापतात. पाईपाच्या टोकाला उठावदार कड पाडा, त्यावर जाड सिलिकॉन होज आणि टी-बोल्ट क्लॅम्प. साध्या क्लॅम्पवर भरल्या गाडीचा होज घाटात निसटतो. इंजिन हलतं, म्हणून चहूबाजूंनी २५ मि.मी. मोकळी जागा हवी.

पंपाच्या बूस्ट डायाफ्रामला जाणारी बारीक नळी विसरू नका. नव्या मॅनिफोल्डवर वरच्या अंगाला तिची जागा करा. खाली केली तर तेल साचतं. ही नळी राहिली किंवा गळली तर पंप जादा डिझेल सोडत नाही आणि मिस्त्री उगाच टर्बो उघडतो.

बसवण्याआधी टेबलावर चाचणी घ्या. फ्लँज जाड प्लेटवर पॅकिंगसकट कसा, तोंड बंद करा, १.५ बार हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा. रेग्युलेटरशिवाय नको, गॅरेजच्या टाकीतला पूर्ण दाब सोडला तर बूच गोळीसारखं उडतं.

पॅकिंग नॉन-ॲस्बेस्टॉस शीटचं, कॉर्कचं नाही. एम ८ बोल्ट मधून बाहेर, आधी १२ मग २४ न्यूटन-मीटर. आरपार भोकातल्या बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावा. इंटरकूलरमधलं जुनं तेल धुवून काढा, नाहीतर इंजिन तेच तेल पिऊन पळू लागेल. इंजिन बेफाम पळालं तर हवा बंद करायला पहिल्या स्टार्टला टर्बोच्या तोंडाशी फळी घेऊन एक माणूस उभा करा. हात तोंडाजवळ न्यायचा नाही.

जुना मॅनिफोल्ड काढण्याआधीच तापमापक गनने एक्झॉस्टच्या सहाही फांद्यांचं तापमान लिहून ठेवा आणि नंतर त्याच आरपीएमला पुन्हा घ्या. आधी सारखी असलेली फांदी आता वेगळी दिसली तर हवेची वाटणी बिघडली. आधीपासूनच वेगळी असेल तर नोझल बघा. मग भरलेली गाडी बेळगावजवळच्या वंटमुरी घाटात चढवा. बूस्ट पूर्वीपेक्षा कमी आणि धूर जास्त असेल तर कुठेतरी गळती आहे. सांध्यावर तेलाचा काळा डाग दिसेल. इंजिन थंड झाल्यावर सगळे बोल्ट एकदा पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.