कराटेच्या क्लासला काय घालून जावं?

मुलांचं नाव नोंदवायला आलेले पालक मला बहुतेक वेळा आधी पांढऱ्या ड्रेसबद्दल विचारतात. कितीला मिळतो, कुठं मिळतो? माझं उत्तर ठरलेलं आहे : ड्रेस महिनाभर थांबेल, नखं आज कापा. कराटेत समोर जोडीदार असतो, आणि आपल्या अंगावर जे काही टोचणारं, अडकणारं असतं ते आधी त्याला लागतं.

पहिला महिना

सुती टी-शर्ट आणि सैल ट्रॅक पँट पुरते. पँटची परीक्षा घरीच घ्या. ती घालून उकिडवं बसा, मग उभं राहून गुडघा छातीपर्यंत उचला. मांडीत किंवा मागे कापड ताणलं तर ती पँट नको. जीन्स, हूडी, चेन किंवा धातूची बटणं असलेले कपडेही नकोत.

पँट लांब होत असेल तर दुमडू नका, शिवून आखूड करून घ्या. माझ्या एका विद्यार्थिनीच्या पँटच्या घडीत जोडीदारणीच्या पायाचा अंगठा अडकला आणि दोघी पडल्या. तेव्हापासून मी दारातच सगळ्यांच्या पँटचे काठ बघते.

पाय अनवाणी. मोजे घातले की फरशीवर पाय सरकतो.

अंगावरून काय उतरवायचं

घड्याळ, अंगठी, बांगड्या, कानातलं, पैंजण, गळ्यातली साखळी. मंगळसूत्र काढायला अनेकींचं मन तयार होत नाही, ते मला समजतं. तरीही सरावापुरतं ते डबीत ठेवा, कारण झटापटीत त्याचा फास बसू शकतो. मनगटावरचा दोरा काढायचा नसेल तर त्यावर कापडी पट्टा चढवा. केस साध्या रबराने घट्ट बांधा. पिना आणि टोकदार क्लिपा नकोत. मुलींनी आणि बायकांनी आतून स्पोर्ट्स ब्रा आणि पांढरा गोल गळ्याचा टी-शर्ट घालावा.

ड्रेस घेताना

या ड्रेसला जपानीत ‘गी’ म्हणतात. तो मुळात ज्युदोकडून आला. जपानच्या ओकिनावा बेटावरचे कराटे शिक्षक गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये कराटे दाखवायला टोकियोला गेले आणि त्यांनी ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांच्या पोशाखाच्या धर्तीवरचा पोशाख वापरला. पण ज्युदोत कॉलर धरून फेकतात, म्हणून ते जॅकेट जाड विणीचं असतं. कराटेला पातळ कापड चालतं. तायक्वांदो या कोरियन प्रकाराचा ड्रेस बहुधा डोक्यातून घालायचा असतो. दुकानात नुसतं ‘मार्शल आर्ट्सचा ड्रेस’ म्हणू नका, कराटेचा म्हणून मागा. त्याआधी आपल्या सरांना विचारा, कारण काही क्लासेसना छातीवर स्वतःचं चिन्ह लागतं.

सुती ड्रेस पहिल्या काही धुण्यांत आटतो, तेव्हा थोडा मोठा घ्या. पण ‘तीन वर्षं चालेल’ म्हणून दोन नंबर मोठा घेऊ नका. बाही कोपराच्या बरीच खाली यावी, बोटं मात्र झाकली जाऊ नयेत. पँट घोट्याच्या जरा वर थांबली की उत्तम.

घालायचा कसा

पँटचा लूप पुढे येतो. नाडी त्यातून ओवून बांधा. जॅकेटचा उजवा पल्ला आधी डाव्या कुशीकडे नेऊन तिथली नाडी बांधा. मग डावा पल्ला त्यावरून उजवीकडे आणा. डावा पल्ला कायम वर. जपानमध्ये उलटा पल्ला मृतदेहाला घालतात, त्यामुळे ही चूक तिथं फार खटकते.

आता बेल्ट. त्याचा मध्य बेंबीच्या किंचित खाली ठेवा. दोन्ही टोकं कमरेमागे नेऊन एकमेकांवरून पुढे आणा आणि समान लांबीची करा. डावं टोक उजव्यावर ठेवा, दोन्ही पदरांच्या खालून घालून वर काढा आणि ओढा. एक टोक वर, एक खाली राहील. खालचं उजवीकडे वळवा, वरचं त्यावरून खाली आणून झालेल्या फटीतून डावीकडे काढा. दोन्ही टोकं धरून आवळा. ती आडवी सुटली तर गाठ बरोबर. एक वर, एक खाली उभी राहिली तर सोडून पुन्हा बांधा. लहान मुलांना हे जमायला काही दिवस लागतात. त्यांना स्वतःलाच बांधू द्या.

जोडीच्या लढतीला

कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढत, सुरू झालं की दातांचं गार्ड, हातमोजे, नडगीचे गार्ड आणि मुलांना जांघेचं गार्ड लागतं. दातांचं गार्ड कधीही उसनं घेऊ नका, बाकीचं सुरुवातीला चालेल. चष्मा असेल तर लढतीपुरता काढून ठेवा, आणि नंबर जास्त असेल तर सरांना आधीच सांगा.

धुणं

घामाचा ड्रेस पिशवीत रात्रभर ठेवू नका. घरी गेल्या गेल्या गार पाण्यात बुडवा. रंगीत बेल्ट वेगळा धुवा, नाहीतर पांढऱ्यावर डाग पडतात. पावसाळ्यात जाड सुती ड्रेस वाळायला दोन-दोन दिवस लागतात. आठवड्याला तीन दिवस क्लास असेल तर जूनच्या आधी दुसरा ड्रेस घेऊन ठेवा, किंवा सरांच्या परवानगीने त्या महिन्यांत ट्रॅक पँट वापरा. ओलसर, कुबट ड्रेस मात्र मुलाच्या अंगावर चढवू नका. त्याने जांघेत आणि काखेत खाज सुटते.