जीआरईसाठी शब्दसंग्रह: अर्थापेक्षा छटा महत्त्वाची

जीआरई या, परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजी माध्यमातील परीक्षेची तयारी करणारे बहुतेक विद्यार्थी एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ अशा याद्या पाठ करतात. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न असेपर्यंत या पाठांतराचा थेट उपयोग होत असे. परंतु २०११ मध्ये ते प्रश्न काढून टाकण्यात आले आणि आता शब्दाची परीक्षा वाक्यातच होते. म्हणून वहीत एकही शब्द वाक्याशिवाय लिहू नये.

प्रत्येक नोंदीत शब्दाची छटाही टिपावी. 'फ्रूगल' आणि 'पार्सिमोनियस' हे दोन्ही शब्द पैसा जपून खर्च करणाऱ्याविषयी येतात, पण पहिल्यात काटकसरीचे कौतुक असते आणि दुसऱ्यात कंजूषपणाचा ठपका. शब्दापुढे अधिक किंवा उणे असे चिन्ह केले, तरी हा फरक नजरेत राहतो.

एका प्रश्नप्रकारात सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे असतात, की त्यांनी पूर्ण होणाऱ्या दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखाच व्हावा. एकच बरोबर आला तर काहीही गुण मिळत नाहीत. येथे समानार्थी शब्दांचे गट उपयोगी पडतात, मात्र वाक्यात न बसणारी समानार्थी जोडीही पर्यायांत असू शकते. त्यामुळे आधी पर्याय झाकून रिकाम्या जागी आपला शब्द, हवा तर मराठीतला, योजावा आणि मगच पर्याय पाहावेत.

माझ्या मते अनोळखी शब्दांहून ओळखीचे शब्द अधिक फसवतात. कर्ज 'सँक्शन' होते तेव्हा मंजुरी मिळते, पण एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादल्या जातात तेव्हा ते निर्बंध असतात. 'क्वालिफाय' म्हणजे केवळ पात्र ठरणे नव्हे, तर विधानाला मर्यादा घालणेही. 'एनर्व्हेट' कानाला उत्साहवर्धक वाटतो, प्रत्यक्षात त्याचा अर्थ शक्तिहीन करणे असा आहे. अशा शब्दांसाठी वहीत वेगळी पाने राखावीत.

धातू आणि मूळ शब्द यांच्या अभ्यासात मराठी वाचकाला एक खास सोय आहे, कारण लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या भाषा आहेत. पायासाठीचा लॅटिन शब्द आपल्या 'पद' या शब्दाचा सगोत्र आहे. त्यावरूनच 'इम्पीड', म्हणजे पाय अडकवणे, आणि 'एक्स्पिडाइट', म्हणजे अडकलेला पाय मोकळा करणे, हे शब्द आले. ही जोडी एकदा समजली की विसरत नाही. तथापि मुळावरून अर्थाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे: 'सँग्विन' हा शब्द रक्तावरून आला असला, तरी त्याचा आजचा अर्थ आशावादी असा आहे.

रोज दहा-बारा शब्द पुरेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते, की पाठ केलेले सुरुवातीला फार वेगाने विसरले जाते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करावी आणि पुढच्या उजळण्यांमधले अंतर वाढवत न्यावे. तीनदा चुकलेला शब्द पुन्हा घोकू नये. त्याचे जुने वाक्य खोडून आपल्या घरातल्या किंवा कामातल्या प्रसंगावर नवे वाक्य लिहावे.