जुन्या गाडीचे हेडलाइट मंद? बल्ब विकत घेण्याआधी या चुका टाळा

हेडलाइट मंद पडले की आधी बल्ब बदलायचा, फरक पडला नाही की स्विच, आणि तरीही जमलं नाही की अख्खं वायरिंग उपटायचं. जुन्या गाड्यांवर हे इतक्यांदा होताना बघितलंय की आता स्पष्टच लिहितो. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत मंद उजेडाला बल्ब क्वचितच जबाबदार असतो. बॅटरीपासून बल्बपर्यंत आणि बल्बपासून परत बॅटरीपर्यंत कुठेतरी व्होल्टेज पडत असतं. ते कुठे पडतंय हे मोजल्याशिवाय एकही पार्ट घेऊ नका.

मोजण्यातच पहिली चूक होते. बल्ब काढायचा, रिकाम्या होल्डरला मीटर लावायचा, १२.६ व्होल्ट दिसले की 'सप्लाय ठीक आहे' म्हणायचं. मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवेल, आणि बल्ब लावला की त्याच तारेवर सगळं कोसळेल. म्हणून बल्ब जागेवर, लाइट चालू, इंजिन थोडं रेस केलेलं, असंच मोजायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी होल्डरच्या लाइव्ह टर्मिनलवर: जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज वाटेत गेलं. मग बल्बच्या अर्थ टर्मिनलपासून (जिथून करंट बॉडीतून परत जातो) बॅटरीच्या मायनसपर्यंत तसंच. कुठल्याही बाजूला अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की मी त्या बाजूचा एकेक जोड तपासतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड साधारण तीस टक्के घटतो, त्यामुळे एक-सव्वा व्होल्ट म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे.

अर्थिंगकडे तर कुणी बघतच नाही. एका मित्राच्या गाडीला नुकताच पूर्ण रंग दिला होता. गाडी देखणी झाली, पण डावा हेडलाइट मेणबत्तीसारखा. लो बीम लावला की त्या बल्बच्या दोन्ही फिलामेंट लालसर दिसायच्या आणि डॅशबोर्डवरचा हाय बीमचा निळा दिवाही मिणमिणायचा. त्याने हेडलाइटचा स्विच बदलला, डिपर स्विच (हाय-लो बीम बदलणारा) बदलला, बल्ब तर बदललेच. नवीन हार्नेस (वायरिंगचा अख्खा जुडगा) मागवायच्या बेतात होता. खरं तर तो निळा दिवाच सगळं सांगत होता. डाव्या बल्बला अर्थ मिळत नव्हता. मग करंट लो बीमच्या फिलामेंटमधून त्याच बल्बच्या हाय बीम फिलामेंटमध्ये उलटा शिरायचा, आणि तिथून हाय बीमच्या वायरने उजव्या बल्बमधून आणि निळ्या दिव्यातून अर्थ शोधायचा. मीटर लावला तर डाव्या बल्बच्या अर्थ टर्मिनलवर सात व्होल्टच्या आसपास! तिथे शून्याच्या जवळपास हवेत. रंगाऱ्याने अर्थच्या वायरचा लग (टोकाची धातूची कडी) नव्या रंगावरच बोल्टने कसला होता. रंग खरवडून पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट कसला, वरून व्हॅसलीन लावलं. काम संपलं. नवे स्विच विनाकारण गाडीत बसले.

तेव्हापासून रंगकाम झालेली गाडी आली की मी आधी सगळे अर्थ बोल्ट सोडवून बघतो. शिवाय प्रत्येक हेडलाइटपासून बॅटरीच्या बॉडी अर्थ बोल्टपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र काळी वायर टाकतो. गंजलेल्या पत्र्यावर विसंबून राहायला मला आवडत नाही.

दुसरी चूक घाईची: उजेड कमी म्हणून सरळ १००/९० वॅटचे बल्ब. साधा ६०/५५ वॅटचा हॅलोजन घेतला तर हाय बीमला दोन्ही मिळून १२० वॅट, म्हणजे सुमारे १० अँपिअर. १००/९० लावला की जवळजवळ १७. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतो, हा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिपरमधून जातो. स्विच तापतो, काँटॅक्ट काळे पडतात, प्लॅस्टिक वितळतं, आणि उजेड पुन्हा कमी होतो. आधी रिले लावा. लो बीमला एक, हाय बीमला एक. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून जाड वायर, तिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज. ८७ वरून बल्बला. ८६ ला जुनी हेडलाइटची वायर. ८५ ला अर्थ. मग जुन्या स्विचमधून फक्त कॉइलचा करंट जातो, अँपिअरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. हे केल्यावर ६०/५५ चाच उजेड बहुतेकांना पुरतो. बॅटरीचा प्लस बॉडीला असलेल्या गाडीत (साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या अशा आहेत) आत डायोड असलेला रिले नेहमीच्या पद्धतीने जोडू नका, त्यात दिशा उलटते.

बाकीच्या थोडक्यात.

फ्यूज उडतो म्हणून मोठा घालू नका आणि चांदीचा कागद तर मुळीच गुंडाळू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

लाइट काही सेकंदांनी आपोआप बंद-चालू होतात? अनेक जुन्या अमेरिकन गाड्यांच्या हेडलाइट स्विचमध्ये सर्किट ब्रेकर असतो. तो ओव्हरलोडवर उघडतो, थंड झाला की जोडला जातो. लूज काँटॅक्ट शोधत बसण्याआधी करंट मोजा.

बल्ब सारखे उडत असतील तर चार्जिंग बघा. बारा व्होल्टच्या गाडीत १५ व्होल्टच्या वर जात असेल तर दोष चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरचा.

डायनामोच्या (अल्टरनेटरआधीच्या जुन्या जनरेटरच्या) गाडीत आयडलला लाइट मंद होणं हा बिघाड नाही, रेस केल्यावर उजळत नसतील तरच पुढे तपासा.

हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका.

आणि वायर सोलून पिळ देऊन टेप गुंडाळलेला जोड दिसला की तो चालू असला तरी मी कापतो. इंजिनच्या उष्णतेने टेपचा डिंक सुटतो, ओल आत जाते, तांबं हिरवं होतं. तांबं आतपर्यंत हिरवं झालं असेल तर चकचकीत तार लागेपर्यंत मागे कापत जा, मगच नवा लग नीट क्रिम्प करा आणि हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. वायर आखूड पडली तर ताणू नका, नवा तुकडा जोडा.