काजूचा हंगाम आणि माकडताप : बागायतदार व पशुपालकांसाठी सल्ला

दोडामार्ग, सावंतवाडी आणि पलीकडच्या, गोव्यातल्या सत्तरी भागात काजूच्या बागा जंगलाला लागून आहेत. बोंडू, म्हणजे काजूचे फळ, पिकू लागला की माकडे आणि वानर बागेत उतरतात, गुरे त्याच झाडीत चरतात आणि बी वेचणारी माणसे त्याच पातेऱ्यात, म्हणजे झाडाखाली पडलेल्या वाळक्या पानांच्या थरात, दिवसभर वाकून काम करतात. क्यासनूर जंगल रोगाला, म्हणजेच आपल्याकडच्या माकडतापाला, हीच जवळीक लागते. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली, तेव्हा हा रोग प्रथम ओळखला गेला. सत्तरीत तो २०१५ मध्ये आणि दोडामार्गात २०१६ मध्ये दिसला, तर पुढच्याच वर्षी बांदा परिसरात त्याचे रुग्ण आढळले.

या रोगाचा विषाणू मुख्यतः गोचीड पसरवते. माकड स्वतःच या रोगाने लवकर मरते. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून पातेऱ्यात राहतात, म्हणून तेवढी जागा काही काळ धोक्याची होते. पावसाळ्यात मोठी गोचीड गुरांचे रक्त पिऊन पातेऱ्यात अंडी घालते, पावसानंतर त्यांतून पिल्ले निघतात आणि साधारण डिसेंबर ते मे या काळात तिळाहूनही लहान असलेली बाल गोचीड माणसाला चावते. काजू वेचणीचा हंगाम नेमका याच काळात येतो. गुरांना या विषाणूचा त्रास सहसा जाणवत नाही, परंतु गोचिडींची संख्या त्यांच्यामुळेच टिकून राहते, हे पशुपालकांनी लक्षात घ्यावे.

माकड मेलेले दिसल्यास त्याला हात लावू नये, ओढून बाजूला टाकू नये आणि कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नये. वनरक्षक, ग्रामपंचायत आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांना त्याच दिवशी कळवावे. सुमारे ५० फुटांच्या परिघात मॅलाथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकण्याचे काम प्रशिक्षित कर्मचाऱ्यांवरच सोपवावे. कलमांचे नुकसान करणारे माकड मेले म्हणून हायसे वाटणे स्वाभाविक आहे, पण कळवण्यात चार दिवस गेले तर त्या वाटेने रोज जाणाऱ्या मजुरांचा धोका तेवढाच वाढतो. अशा जागेतला पातेरा गोठ्यात अंथरण्यासाठी किंवा भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, आणू नये. तिथे गुरेही सोडू नयेत.

वेचणी सुरू होण्याआधी झाडांखालची जागा आणि येण्याजाण्याच्या वाटा लांब दांड्याच्या दाताळ्याने साफ कराव्यात. संपूर्ण बागेतला पातेरा जाळण्याची मात्र गरज नाही, कारण त्यामुळे जमिनीचा कस जातो आणि वणव्याचा धोका वाढतो. कामावर जाताना फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून विजारीची टोके मोज्यांत खोचावीत आणि उघड्या अंगाला आरोग्य केंद्राकडून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे. त्याचा परिणाम काही तासांपुरताच असतो, त्यामुळे दुपारी ते पुन्हा लावावे. जेवणासाठी पातेऱ्यावर बसू नये. ही साधने आणण्याचा खर्च बागमालकाने उचलावा, रोजंदारीवरील माणसाकडून ती अपेक्षा ठेवणे योग्य नाही. घरी परतल्यावर कपडे कढत पाण्यात टाकावेत, साबणाने अंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानामागची जागा तपासावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढावी. ती बोटांनी चिरडू नये, त्यावर रॉकेल ओतू नये किंवा चटका देऊ नये.

चावल्यानंतर ३ ते ८ दिवसांत एकाएकी मोठा ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या किंवा हिरड्या-नाकातून रक्त येणे अशी लक्षणे दिसल्यास लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. कोकणात ताप म्हटला की आधी डेंग्यू किंवा लेप्टो आठवतो, म्हणून आपण बागेत काम करतो आणि आसपास माकड मेले होते, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे. स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, कारण ॲस्पिरिनसारख्या औषधांनी रक्तस्राव वाढतो. हा विषाणू मारणारे खास औषध नाही आणि कर्नाटकात अनेक वर्षे दिलेली लस अपुरी ठरल्याने बंद झाली, त्यामुळे वेळेवर मिळणाऱ्या उपचारांवरच भिस्त आहे. बाधितांपैकी साधारण ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात. काहींना ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा उलटतो, म्हणून लगेच कामावर परतू नये. रुग्णापासून घरातल्या इतरांना हा रोग होत नाही, तेव्हा त्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

जंगलात चरणाऱ्या गुरांवर गोचीडनाशक औषध पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेतच वापरावे आणि दुभत्या जनावराचे दूध किती दिवस वापरायचे नाही, हे त्यांना आधीच विचारावे. औषधाचे उरलेले पाणी व्हाळात किंवा विहिरीजवळ ओतू नये. बहुतेक जण हे काम उन्हाळ्यात ताप पसरल्यावर हाती घेतात, पण मोठी गोचीड पावसाळ्यात गुरांवर असते आणि तिने अंडी घालण्याआधीच ती मारली तर पुढच्या हंगामातली पिल्ले कमी होतात. त्यासाठी जूनमध्येच दवाखान्यातून वेळापत्रक घ्यावे आणि शेजाऱ्यांची गुरे एकाच रानात चरत असतील तर सर्वांनी मिळून एकाच आठवड्यात औषध द्यावे.