लाईट गेल्यावर सर्व्हर रूम सांभाळताना

रत्नागिरीकडे सर्व्हर सांभाळायच्या कामाला नव्याने लागला असाल, तर बॅटरीच्या आधी उकाड्याचा विचार करा. लाईट गेली की यूपीएसवर, म्हणजे बॅटरीवरून वीज देणाऱ्या यंत्रावर, सर्व्हर चालू राहतात, एसी मात्र बंद पडतो, कारण त्याचा भार सहसा यूपीएसवर घेतलेलाच नसतो. लहानशा बंद खोलीत मग पारा भराभर चढतो. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांची असावी, असं अ‍ॅश्रे ही वातानुकूलन क्षेत्रातली संस्था सुचवते. त्यामुळे यूपीएसवर अर्ध्या तासाचा बॅकअप दिसतोय म्हणून निवांत बसू नका. थर्मामीटर रॅकच्या (सर्व्हर बसवलेल्या कपाटाच्या) पुढच्या बाजूला लावा, भिंतीवरचा आकडा फसवतो.

अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतं, "खिडक्या उघडा हो!" पावसाळ्यात तर मी ठाम नाही म्हणतो. बाहेरची दमट हवा आत आली की थंड पत्र्यावर पाणी धरतं, आणि समुद्राकडची असेल तर मीठही घेऊन येतं. तांब्याच्या अर्थिंगच्या पट्टीवर हिरवट थर दिसला की समजा, तीच हवा रॅमच्या पिनांपर्यंतही पोचते आहे.

त्यापेक्षा उष्णता कमी करा. टेस्टिंगची मशीन आणि मॉनिटर आधी बंद. तरी पारा चढत राहिला तर अ‍ॅप्लिकेशन, मग डेटाबेस, मग स्टोरेज. नेटवर्कचा स्विच शेवटी, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरूनच बंद करायचं असतं. बॅटरी उतरल्यावर सर्व्हर आपोआप बंद व्हायची सोय 'नट'सारख्या मोफत सॉफ्टवेअरने होते, ती आधीच करून ठेवा. आणि बॅटऱ्या गरम खोलीत ठेवू नका. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं.

लाईट आली की लगेच बटणं दाबायची नाहीत. आमच्याकडे ती दोन-तीनदा येते-जाते, व्होल्टेजही वरखाली होतं. आधी एसी लावा (कॉम्प्रेसरला बंद पडल्यावर किमान तीन मिनिटं द्यावीच लागतात), खोली गार होऊ द्या, मग उलट्या क्रमाने एकेक मशीन.

वादळाची गोष्ट वेगळी. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. तिथे यूपीएस काय पुरणार? इशारा आला की डेटाचा बॅकअप जिल्ह्याबाहेर पाठवा, सर्व्हर स्वतः बंद करा आणि प्लग काढून ठेवा.