बॅट तडतडत नाही, बोट फटफटत नाही: गमतीच्या वस्तू वापरताना या चुका टाळा

जोतिबाची चैत्र यात्रा, रंकाळा चौपाटीवरची संध्याकाळ, नाहीतर महाद्वार रोडची एखादी फेरी. तिथून घरी आलेल्या गमतीच्या वस्तूचं नशीब बहुधा ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी घरभर कौतुक आणि आठवड्यानं "चायनाचा माल, दुसरं काय!" म्हणत माळ्यावर रवानगी. माल हलका असतो हे खरंच. पण माळ्यावर गेलेल्या पुष्कळ वस्तू बिघडलेल्या नसतात, त्यांना वीज, पाणी किंवा हवा चुकीची मिळालेली असते. त्यात कोल्हापूरची पावसाळी हवा आणि बोअरचं जड पाणी भर घालतं.

डास मारायची बॅट

सगळ्यात जास्त हाल हिचेच होतात. खालून दोन पिना बाहेर येणाऱ्या साध्या बॅटमध्ये बहुतेक वेळा ४ व्होल्टची छोटी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. स्कूटरच्या बॅटरीची ही धाकटी बहीण, आणि स्वभावही तसाच: उपाशी ठेवली की मरते. पावसाळा संपला, डास कमी झाले, बॅट खिळ्याला अडकवली आणि चार महिन्यांनी काढली, तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरलेला असतो. मग रात्रभर चार्ज करा, सकाळी दोन डासांत बॅट गप्प. वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करायची, एवढाच यावर इलाज.

दुसरी चूक याच्या बरोबर उलटी. बॅट सॉकेटला लावली आणि दोन दिवस विसरली. लाल दिवा विझला की चार्ज झाली, असं पुष्कळ जण धरून चालतात. स्वस्त बॅटमध्ये तो दिवा फक्त "सॉकेटमध्ये वीज आहे" इतकंच सांगतो, बॅटरी भरली की नाही ते त्याला ठाऊक नसतं. आपोआप चार्जिंग बंद करणारी सोयही आत नसते. खोक्यावर ८ ते १० तास लिहिलेलं असेल तर तेवढेच मोजायचे, मोबाइलवर गजर लावायचा. जास्त झालं की बॅटरीतला ओलावा आटतो, पोट फुगतं आणि कधीकधी मुठीचं प्लॅस्टिकही उघडतं.

चार्जिंगला लावलेल्या बॅटचं बटण मात्र कधीच दाबू नका. या बॅटमध्ये ट्रान्सफॉर्मर घालून २३० व्होल्ट वेगळे केलेले नसतात. एक कपॅसिटर आणि चार डायोड मध्ये घालून घरची वीज थेट बॅटरीपर्यंत आणलेली असते. म्हणजे सॉकेटला असताना जाळीचा धागा घरच्या लाइनशी जुळलेला असू शकतो. एरवी बसणारा झटका दचकवून सोडतो, हा सोडेलच असं नाही.

बॅट तडतडत नसेल तर आधी टॉर्चचा दिवा लावून बघा. मंद लागला किंवा लगेच मावळला, तर बॅटरी संपली. टॉर्च लख्ख आहे आणि जाळी मुकी, तर संशय पहिला दाबायच्या बटणावर घ्यायचा. आतला संपर्क ठिणगीनं काळा पडतो. हे बटण रुपया-दोन रुपयांचं असतं, रिपेअरवाला पाच मिनिटांत बदलून देतो. बटण ठीक असेल तर पुढचा नंबर ट्रान्झिस्टरचा, नाहीतर जाळीजवळच्या मोठ्या कपॅसिटरचा.

याउलट बटण दाबल्याबरोबर डास नसतानाही सारखं चुर्र्र होत असेल, तर जाळीत काहीतरी अडकलंय. जाळीचे तीन थर असतात. बाहेरचे दोन एका टोकाचे, मधला दुसऱ्या. मधे ओला किडा चिकटला किंवा बॅट भिंतीवर आपटून जाळी चेपली की वीज तिथेच गळते. स्विच बंद करायचा, प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरनं मधली आणि बाहेरची जाळी एकदा जोडून उरलेली वीज काढून टाकायची, मग कोरड्या रंगाच्या ब्रशनं झाडायचं. ओलं फडकं नको. सॅनिटायझर तर नकोच: त्यात अल्कोहोल असतं आणि पुढच्याच दाबाला ठिणगी पडते. डासांचा स्प्रे मारलेल्या खोलीत किंवा गॅसचा वास येत असताना बॅट चालवू नये, त्याचंही कारण हेच.

अलीकडे एक उपाय हौसेनं केला जातो, तो घातक आहे. मेलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी काढायची आणि जुन्या पॉवर बँकेतला ३.७ व्होल्टचा लिथियम सेल तिथे जोडायचा. बॅट जोरात चालते, त्यामुळे जमलं असं वाटतं. पण लिथियम सेल ४.२ व्होल्टला पोचला की चार्जिंग थांबलंच पाहिजे, आणि या बॅटचं चार्जिंग थांबायला शिकलेलंच नाही. सेल फुगतो, पेट घेऊ शकतो. ४ व्होल्टच्या जागी ४ व्होल्टची लेड-अ‍ॅसिडच घाला. लिथियमच हवी असेल तर मुळात यूएसबीवर चार्ज होणारी बॅट घ्या.

पत्र्याची फटफटणारी बोट

मेणबत्तीवर चालणारी ही बोट यात्रेतली सगळ्यात हुशार वस्तू. थॉमस पिओ नावाच्या फ्रेंच माणसानं १८९१ साली ब्रिटनमध्ये हिचं पेटंट घेतलं होतं. ना चाक, ना पंखा, ना मोटार. आत पत्र्याची चपटी डबी आणि तिला मागच्या बाजूला दोन नळ्या. डबीतल्या पाण्याची वाफ होते आणि नळीतलं पाणी मागे ढकलते. नळीच्या गार भागात वाफेचं परत पाणी होतं आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. सेकंदाला कितीतरी वेळा हे चालतं, त्याचाच फटफट आवाज. पाणी जेवढं बाहेर जातं तेवढंच आत येतं, मग बोट पुढे का जाते? मेणबत्ती फुंकर मारून विझते, श्वास ओढून विझत नाही, तसंच हे. बाहेर जाणारं पाणी एका धारेत जातं, आत येणारं चहूबाजूंनी गोळा होतं.

बोट न चालण्याचं पहिलं कारण डबीत राहिलेली हवा. एका नळीत चार थेंब टाकून मेणबत्ती लावली तर ती जागची हलत नाही. बोट नाकावर उभी धरा, नळ्यांची तोंडं वर. एका नळीत ड्रॉपरनं पाणी सोडत राहा, दुसरीतून सलग धार बाहेर येईपर्यंत. मग दोन्ही तोंडांवर हाताचं एकच बोट दाबून ती पाण्यात आडवी ठेवा आणि तोंडं पाण्याखाली गेल्यावरच हाताचं बोट काढा. पाणी आंघोळीच्या टबात किंवा मोठ्या परातीत चार-पाच सेंटिमीटर असलं की भागतं. रंकाळ्यात सोडायचा मोह आवरा, वाऱ्याच्या लाटेनं ज्योत विझते आणि बोट तिकडेच राहते.

दुसरं कारण ज्योत. वाढदिवसाच्या मेणबत्तीचा दीड सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. ज्योतीचं टोक डबीच्या तळाला लागलं पाहिजे. अर्ध्या ते एक मिनिटात फटफट सुरू होते. होत नाही म्हणून दोन मेणबत्त्या लावल्या तर डबीतलं पाणी आटून जातं आणि तिथे खरी वाट लागते. डबी आणि नळ्यांचे सांधे कथलाच्या डागानं जोडलेले असतात. पाणी असेपर्यंत डबी साधारण १०० अंशांच्या आसपास राहते, म्हणून डाग टिकतो. कोरडी पडली की तापमान चढत जातं आणि १८० ते १९० अंशांच्या घरात डाग वितळतो. आवाज बंद झाला की मेणबत्ती लगेच बाहेर काढायची, "जरा वेळ बघू" नको.

सांधा सुटलाय का, हे तपासणं सोपं आहे. डबी पाण्यात बुडवा, एक नळी बोटानं बंद करा, दुसरीत फुंका. बुडबुडे जिथून येतील तिथे गळती. चिकटवायची पुट्टी ज्योतीपुढे टिकत नाही, तिथे परत डागच मारून घ्यावा. आणि खेळून झाल्यावर नळीत फुंकून पाणी काढून टाका, नाहीतर पुढच्या यात्रेपर्यंत डबी आतून गंजते.

पाणी पिणारा पक्षी

काचेचा, डोक्याला लाल फेल्ट लावलेला, ग्लासात चोच बुडवत राहणारा. मार्च-एप्रिलमध्ये आणला तर दिवसभर डुलतो, जुलैत हट्टाला पेटतो. बिघाड पक्ष्यात नसून आषाढात आहे. चोच ओली झाली की फेल्टमधलं पाणी उडतं, डोकं गार होतं, आतली वाफ आक्रसते आणि पोटातला द्रव नळीतून वर चढतो. डोकं जड झालं की पक्षी वाकतो. हवाच पाण्यानं भरलेली असेल तर फेल्ट वाळणार कशी? पंख्याची मंद झुळूक द्या, थोडा फरक पडतो. मुसळधार पावसात तेवढ्यानंही भागत नाही, तेव्हा श्रावणातल्या उघडिपीची वाट बघणं बरं.

सुरुवात करताना डोकं पूर्ण भिजवायचं आणि ग्लास काठोकाठ भरायचा. पाणी दोन बोटं खाली असलं की चोच पोचत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या डोलाला पक्षी थांबतो. बोअरच्या पाण्यानं फेल्ट महिन्याभरात कडक होते, तिथे फिल्टरचं पाणी वापरा. बहुतेक पक्ष्यांत मिथिलीन क्लोराइड असतं, ते ४० अंशांच्या अलीकडेच उकळतं, म्हणून उन्हातल्या खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. फुटला तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, जवळ काही पेटवू नका. हातमोजे घालून पुसा.

लाव्हा लॅम्प

एकच चूक, पण घरोघरी होते: बल्ब गेला म्हणून एलईडी लावला. यातलं मेण उजेडानं नाही, बल्बच्या उष्णतेनं वर चढतं, आणि एलईडी पुरेसा तापत नाही. तळावर लिहिलेल्या वॅटचा, बहुधा २५ किंवा ४० चा, तारेचा पिवळा बल्बच हवा. थंडीत मेण हलायला दोन-तीन तास लागतात. घाईनं गरम बाटली हलवली की आतलं पाणी दुधाळ होतं, ते बरेचदा परत निवळत नाही. परदेशातून कुणी आणून दिला असेल तर प्लग लावण्याआधी लेबल वाचा: नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल तर इथे थेट लावायचा नाही.

धुकं सोडणारं यूएसबीचं भांडं

जुलैत कोल्हापुरात हे लावणं म्हणजे रंकाळ्यात तांब्यानं पाणी ओतणं. उन्हाळ्यात ठीक आहे. आत बारीक भोकांची चकती असते, ती सेकंदाला लाखभर वेळा थरथरते आणि पाण्याचे कण उडवते. धुकं येत नसेल तर आधी कापसाची वात बघा. ती पाण्यात १५ मिनिटं पूर्ण भिजलेली हवी आणि स्प्रिंगनं चकतीला टेकलेली हवी. तरीही नाही, तर भोकं क्षारानं बुजली आहेत. कोमट २०० मिली पाण्यात चमचाभर लिंबूफूल विरघळवा, त्यात बुडवलेला इअरबड चकतीवर ठेवून १५ मिनिटं थांबा आणि हलकेच पुसा. टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की धुक्याऐवजी थेंब पडतात. अत्तर किंवा तेल पाण्यात ओतल्यानंही चकती बुजते. टेबलावर पांढरी पूड साचत असेल तर तो पाण्यातला क्षारच.

गोल सेल

गाणारी चावी, लेझर, चमकणारी अंगठी: सगळ्यांत हेच. सेलवरचा आकडा वाचता आला की निम्मी भानगड मिटते. सीआर २०३२ म्हणजे ३ व्होल्ट, २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ चा व्यास तोच, जाडी २.५, म्हणून तो जागी सैल बसतो आणि वस्तू मधेच चालू मधेच बंद होते. कागदाची घडी घालून बसवण्यापेक्षा योग्य आकड्याचा घ्या. एलआर ४४ आणि एजी १३ एकच, दुकानदार दुसरं नाव सांगतो म्हणून परत फिरू नका. तीन सेलच्या वस्तूत एकच बदलला तर जुने दोन लवकर गळतात आणि पत्र्यावर हिरवट-पांढरा थर धरतो. सगळे एकदम बदला.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर सेलच्या झाकणाला स्क्रू असलेलीच वस्तू घ्या. नुसतं सरकवून उघडणारं झाकण दोन दिवसांत उघडतं. सेल गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी काढायचा प्रयत्न नको आणि "शी वाटे पडेल" म्हणून थांबणंही नको. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून भाजायला लागतो. मूल हसत-खेळत असलं तरी तडक सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं एक्स-रे असलेलं रुग्णालय गाठा, आणि सेलचं रिकामं पाकीट सोबत न्या. त्यावरचा आकडा डॉक्टरांना लागतो.